दहा षटकांचा मानकरी

मनुष्याच्या कर्तृत्वाचें मोल ठरवितांना त्याच्या कामाची लांबी पाहण्याची एक जुनी खोड आपणां सर्वांस जडलेली आहे. महाकाव्य लिहिणारा कवि थोर, मग त्या काव्याचे निम्मे सर्ग कोणीं उघडूनहि पाहिले नसले तरी हरकत नाहीं. आणि दोन ओळींचें सुभाषित रचून ज्यानें पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर ठाण मांडलें, त्याचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें. पांच अंकी नाटकापुढें नाट्यछटा क्षुद्र, कादंबरीपुढें लघुकथा पोरकट, असे निवाडे एके काळीं आपल्याकडील जाणते टीकाकारहि देत असत. लघुकथेनें पुढें आपलें सामर्थ्य सिद्ध केलें तेव्हां ते निवाडे मागें घ्यावे लागले. क्रिकेटच्या क्षेत्रांत मात्र ही खोड अद्यापि पुरती सुटलेली नाहीं. "तो काय, एकदिवसीय सामन्यांचा गोलंदाज!" एवढें म्हटलें कीं एखाद्या खेळाडूच्या दहा वर्षांच्या श्रमांचा हिशेब पुरा झाला, असें रसिकांस वाटतें.

हा हिशेब कितपत खरा आहे, हें एका मराठी खेळाडूच्या चरित्रावरून तपासून पाहावें, असा आमचा हेतु आहे. हा खेळाडू म्हणजे मुंबईचा जलद गोलंदाज अजित भालचंद्र आगरकर. आगरकर हें आडनांव उच्चारतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम 'सुधारक'कार गोपाळ गणेश उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. १८९५ सालीं वारलेल्या त्या थोर पुरुषास उणींपुरीं ३९ वर्षें लाभलीं. त्यांच्या कार्याचें माप आयुष्याच्या लांबीवरून घ्यावें, असें कोणी म्हणणार नाहीं. दोघांच्या क्षेत्रांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, परंतु मापाचा प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न आमच्या मनांत आला तो मुंबईच्या एखाद्या जिमखान्यांत नव्हे, तर पुणें जिल्ह्यांतील भोर आणि वेल्हें या डोंगरी मुलखांत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंद या नद्यांचीं हीं खोरीं. एका अंगास रोहिडा, दुसऱ्या अंगास राजगड आणि तोरणा. पाऊस उदंड, पीक भाताचें. आंबेमोहोर नाहीं तर इंद्रायणी कापून झाली, झोडणी उरकली, कीं कार्तिकानंतर येथील खाचरें मोकळीं होतात. पाणी तुंबवून धरण्यासाठीं जी जमीन आजोबा-पणजोबांनीं सपाट केली, तीच आतां नातवंडांचें मैदान होते. धसकटें खणून पट्टी करावयाची, बांध हीच सीमारेषा मानावयाची, आणि टेनिसच्या चेंडूनें सहा नाहीं तर आठ षटकांचा सामना मांडावयाचा. डोंगराआड सूर्य लौकर जातो. संघ पुष्कळ आणि खाचर एक. मग पांच दिवसांचा खेळ येथें कोठून येणार? जलद गोलंदाजी करणारा पोरगा धांवत येतो, दोन षटकें टाकतो, आणि त्याचें त्या दिवसाचें काम संपतें. त्याचें सारें क्रिकेट एवढेंच. तें क्रिकेटच नव्हे, असें त्या पोरास सांगावयाचें असेल, तर सांगणारानें आधीं आपली मापें नीट तपासून घेतलीं पाहिजेत.

आखूड क्रिकेटचा इतिहासहि फारसा जुना नाहीं. इंग्लंडांतील परगण्यांच्या संघांची मर्यादित षटकांची मोठी स्पर्धा १९६३ सालीं सुरू झाली. ५ जानेवारी १९७१ रोजीं मेलबर्न येथें पावसानें धुऊन गेलेल्या कसोटीच्या बदली इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांनीं आठ चेंडूंच्या चाळीस षटकांचा एक सामना खेळून प्रेक्षकांची समजूत घातली. राष्ट्रांमधील पहिला एकदिवसीय सामना तो हाच. आपल्या देशांत विभागीय संघांसाठीं अशी स्पर्धा १९७३-७४ च्या हंगामांत निघाली, आणि तिला नांव दिलें गेलें तें पुण्याच्या प्रो. दि. ब. देवधर यांचें. संस्कृतचे अध्यापक, १९२६ सालीं एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध १४८ धांवा काढणारे, महाराष्ट्राच्या संघास १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठ दोन वर्षीं रणजी करंडक मिळवून देणारे देवधर हे लांब पल्ल्याच्या खेळाचे मूर्तिमंत प्रतिनिधि. त्यांचें नांव आखूड खेळाच्या करंडकास मिळावें, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

तथापि हा नवा खेळ आपल्या लोकांच्या अंगीं लौकर भिनला नाहीं. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकांत लॉर्ड्सवर सुनील गावसकरानें साठ षटकें खेळून नाबाद ३६ धांवा काढल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९८३ सालीं कपिलदेवाच्या संघानें त्याच मैदानावर विश्वचषक जिंकला, आणि मग मात्र एकदिवसीय क्रिकेट घराघरांत शिरलें. कपिलदेव १९९४ सालीं निवृत्त झाला. त्यानंतर जो कोणी वेगानें चेंडू टाकी आणि थोडी बॅट फिरवी, त्याच्याकडे 'हाच का तो दुसरा कपिल?' अशा आशाळभूत दृष्टीनें पाहण्याची रीत पडली. आगरकराचें दैव आणि दुर्दैव या दोहोंचा उगम ह्या रीतींत आहे.

आगरकराचा जन्म मुंबईंत ४ डिसेंबर १९७७ रोजीं झाला. शिवाजी पार्कच्या मैदानावर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं ज्या अनेक मुलांनीं धडे गिरविले त्यांपैकीं तो एक. आणि शाळकरी वयांत त्याचा लौकिक होता तो फलंदाज म्हणून. परंतु मुंबईंत फलंदाजांची रांग नेहमींच लांब. चेंडू वेगानें टाकणारे थोडे. बॅट हातांत धरून वाट पाहत बसण्यापेक्षां चेंडू उचलणें अधिक शहाणपणाचें ठरलें. त्याची अंगकाठी सडपातळ होती. जलद गोलंदाज म्हटला कीं जी आडदांड मूर्ति डोळ्यांपुढें येते, तिच्याशीं या मुलाचें कांहींच साम्य नव्हतें. परंतु धांव लयबद्ध, खांद्याचा झपाटा विलक्षण, आणि चेंडू टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षां लौकर फलंदाजापाशीं पोंचे.

१ एप्रिल १९९८ रोजीं कोची येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्यापुढील सहा महिने हे त्याच्या आयुष्यांतील सुवर्णकाळ होत. अवघ्या २३ सामन्यांत त्यानें ५० बळी मिळविले. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीस याच कामास २४ सामने लागले होते. लिलीसारख्या दिग्गजाचा विक्रम वीस वर्षांच्या कृश मुलानें मोडावा, ही घटना लहान नव्हे. श्रीलंकेच्या अजंथा मेंडिसनें २००९ सालीं १९ सामन्यांत तेवढे बळी घेतले, तोंपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ हा मान आगरकराकडे राहिला.

येथें थोडें थांबून, आखूड सामन्यांतील जलद गोलंदाजाचें काम कसें असतें, तें पाहिलें पाहिजे. कसोटी सामन्यांत गोलंदाजापाशीं वेळ असतो. एकाच टप्प्यावर षटकामागून षटक टाकीत राहावें, फलंदाजास कंटाळा आणावा, आणि त्याची चूक होण्याची वाट पाहावी, ही त्याची नीति. पन्नास षटकांच्या सामन्यांत एका गोलंदाजाच्या वाट्यास दहाच षटकें येतात. आगरकर खेळत होता त्या काळीं बहुतेक वर्षें पहिल्या पंधरा षटकांत केवळ दोनच क्षेत्ररक्षक वर्तुळाबाहेर ठेवतां येत. म्हणजे पांढरा चेंडू नवा व वळता असतांना गोलंदाजास शस्त्र मिळे, परंतु त्याची पाठ उघडी असे. शेवटच्या दहा षटकांत स्थिति उलट. चेंडू जुना, हात घामेजलेले, फलंदाज जिवावर उदार. अशा वेळीं चेंडू थेट फलंदाजाच्या बुंध्याशीं टाकावा लागतो. चार बोटें पुढें पडला तर फुलटॉस, चार बोटें मागें पडला तर सीमेपार. सामन्याचीं हीं दोन्हीं टोंकें ज्यास संभाळावीं लागतात, त्याच्या षटकांमागील धांवा अधिक असणारच. मधल्या शांत षटकांत गोलंदाजी करणाराशीं त्याची तुलना करणें म्हणजे भर पुरांत होडी घालणाऱ्या नावाड्याची बरोबरी तळ्यांतील नावाड्याशीं करण्यासारखें आहे.

सहा महिन्यांच्या या वैभवानंतर परीक्षेचा काळ आला. १९९९-२००० मध्यें भारतीय संघ ऑस्ट्रेलियांत गेला आणि तिन्ही कसोटी सामने हरून आला. या दौऱ्यांत आगरकर फलंदाजीस येऊन लागोपाठ पांच डावांत शून्यावर बाद झाला. त्यांपैकीं पहिल्या चार डावांत तर पहिल्याच चेंडूवर. २००१ सालीं मुंबईंत त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणखी दोन शून्यांची भर पडली. क्रिकेटच्या इंग्रजी बोलींत शून्यास बदक म्हणतात, आणि मुंबईचें बोंबील इंग्रजांच्या पानांत 'बाँबे डक' या नांवानें वाढलें जातें. तेंच टोपणनांव या गृहस्थास चिकटलें. बळी कोणाच्या स्मरणांत राहिले नाहींत, शून्यें मात्र राहिलीं. एखाद्यास दुसरा कपिलदेव ठरविण्याची घाई लोकांनीं करावी, आणि तो तसा निघाला नाहीं म्हणून त्यालाच हंसावें, हा न्याय कोणता?

परंतु हा मनुष्य हंशाखालीं दबून गेला नाहीं. १४ डिसेंबर २००० रोजीं राजकोट येथें झिंबाब्वेविरुद्ध त्यानें २१ चेंडूंत अर्धशतक पुरें केलें. एकदिवसीय सामन्यांत भारतीयाचें इतकें जलद अर्धशतक तोंपर्यंत झालेलें नव्हतें. १९८३ सालीं कपिलदेवानें वेस्ट इंडीजविरुद्ध २२ चेंडूंत काढलेलें अर्धशतक मागें पडलें. जुलै २००२ मध्यें लॉर्ड्सवरील कसोटींत त्यानें नाबाद १०९ धांवा काढल्या. सामना भारत हरला. परंतु गावसकर व तेंडुलकर यांच्या नांवावर त्या मैदानांतील कसोटी शतक नाहीं, तें आठव्या क्रमांकावर येणाऱ्या या गोलंदाजाच्या नांवावर आहे.

डिसेंबर २००३ मधील अ‍ॅडिलेडची कसोटी राहुल द्रविडाची म्हणून ओळखली जाते, आणि २३३ व नाबाद ७२ धांवा करणाऱ्याचा तो मान कोणी हिरावून घेऊं नये. परंतु ऑस्ट्रेलियानें पहिल्या डावांत ५५६ धांवा केल्यानंतर दुसऱ्या डावांत त्यांस १९६ धांवांत कोणीं गुंडाळलें? आगरकरानें ४१ धांवांत सहा बळी घेतले; पहिल्या डावांत २४२ धांवा करणारा पाँटिंग यावेळीं त्याच्या चेंडूवर शून्यावर गेला. त्यामुळेंच २३० धांवांचें आटोक्यांतलें लक्ष्य भारतापुढें राहिलें. १९८१ नंतर ऑस्ट्रेलियांत मिळालेला कसोटींतील हा पहिला विजय होय. पुढल्याच महिन्यांत, ९ जानेवारी २००४ रोजीं, मेलबर्नच्या एकदिवसीय सामन्यांत त्यानें ४२ धांवांत सहा बळी घेतले, आणि तरीहि भारत तो सामना हरला. आगरकराच्या चरित्रांत असे प्रसंग वारंवार येतात: काम पुरें करावें आणि फळ दुसऱ्याच्या हातीं राहावें.

पुण्याचाहि या चरित्राशीं एक धागा आहे. स्वारगेटच्या ज्या एस. टी. स्थानकावरून भोर-वेल्ह्याकडील मंडळी गांवाकडे जावयास निघतात, त्याला लागूनच नेहरू स्टेडियम आहे. ३ नोव्हेंबर २००५ रोजीं तेथें श्रीलंकेविरुद्ध आगरकरानें ४४ धांवांत पांच बळी मिळविले आणि भारत विजयी झाला. एका डावांत पांच अगर अधिक बळी त्यानें एकदिवसीय क्रिकेटमध्यें दोनदांच घेतले. त्यांतला हा दुसरा प्रसंग. दिवस दिवाळीचे, हंगाम भातकापणीचा. त्या दिवशीं घाटाखालीं परतलेल्या एखाद्या गाडींत या पराक्रमाच्या गप्पा रंगल्या असतील, तर त्यांत नवल नाहीं.

आतां आंकड्यांचा हिशेब मांडूं. वाचकांनीं कंटाळा करूं नये, कारण खरा मुद्दा येथेंच आहे. आगरकरानें १९१ एकदिवसीय सामन्यांत २८८ बळी घेतले. एका बळीमागें खर्च २७.८५ धांवा. जवागल श्रीनाथानें ३१५ बळी प्रत्येकीं २८.०८ धांवांत आणि कपिलदेवानें २५३ बळी प्रत्येकीं २७.४५ धांवांत मिळविले. म्हणजे बळीची किंमत तिघांचीहि जवळजवळ सारखीच! मग भेद कोठें आहे? कपिलदेव एका षटकांत सरासरीनें ३.७१ धांवा देई, श्रीनाथ ४.४४, आणि आगरकर ५.०७. टीकाकारांनीं याच आंकड्यावर बोट ठेवून आगरकरास उधळ्या ठरविलें. परंतु एका बळीसाठीं कपिलदेवास सुमारें ४४ चेंडू लागत, श्रीनाथास ३८, आणि आगरकरास केवळ ३३. तो खर्च अधिक करी, पण माल लौकर आणी. ज्या खेळांत चेंडू मोजकेच मिळतात, त्यांत चेंडू वांचविणें हीहि एक काटकसरच नव्हे काय? काळाप्रमाणें फलंदाजीचा वेग वाढत गेला, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. १९८५ च्या चार धांवा आणि २००५ च्या पांच धांवा यांचें वजन एक नाहीं.

याचा अर्थ आगरकराच्या ठायीं दोष नव्हते, असा कोणीं करूं नये. २६ कसोटींत ५८ बळी, आणि प्रत्येकास ४७.३२ धांवा, हा हिशेब कोणत्याहि वकिलास उजळ करून दाखवितां येणार नाहीं. अ‍ॅडिलेडचा दिवस त्यास पुन्हां पुन्हां साधला नाहीं. एका षटकांत दोन चेंडू अप्रतिम आणि एक सीमेबाहेर फेकण्याजोगा, ही त्याची संवय अखेरपर्यंत गेली नाहीं. आणि कर्णधारास ज्याच्यावर डोळे मिटून विसंबतां येतें, अशा गोलंदाजांत त्याची गणना झाली नाहीं. २००३ च्या विश्वचषकासाठीं संघांत निवड होऊनहि त्यास एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. हे सर्व मान्य. आमचें म्हणणें इतकेंच कीं, लांब खेळांतील उणीव ही लांब खेळाच्या खात्यावर मांडावी. तिचें देणें आखूड खेळाच्या जमेंतून वळतें करून घेऊं नये.

पुढें खेळ आणखी आखूड झाला. भारतानें आपला पहिला वीस षटकांचा आंतरराष्ट्रीय सामना १ डिसेंबर २००६ रोजीं जोहान्सबर्ग येथें खेळला, तेव्हां त्या संघांत आगरकर होता. २००७ सालीं वीस षटकांचा पहिला विश्वचषक भारतानें जिंकला. त्या संघांतहि तो होता, पण अंतिम सामन्यांत नव्हता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्याचा एकदिवसीय सामन्यांचा काळहि संपला. त्यानंतर आय. पी. एल. स्पर्धेंत कोलकाता आणि दिल्ली या संघांकडून तो खेळला. परंतु चार षटकांच्या त्या नव्या दुनियेंत त्याच्या ऐन उमेदीचीं वर्षें मागें पडलीं होतीं. दहा षटकांचें काम करणारा हा मनुष्य चार षटकांच्या युगाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थबकला.

आणि येथें या चरित्रास एक अनपेक्षित वळण मिळतें. आखूड खेळाचा म्हणून ज्यास हिणविलें, त्यानें आपली अखेर लांब खेळांत साधली. २०१२-१३ च्या हंगामांत पस्तिशीचा आगरकर मुंबईचा कर्णधार होता. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यांत सेनादलाच्या संघाविरुद्ध त्यानें १४५ धांवा काढल्या. अंतिम सामन्यांत वानखेडे मैदानावर सौराष्ट्राचा दुसरा डाव ८२ धांवांत आटोपला आणि मुंबईनें आपला चाळिसावा रणजी करंडक उचलला. ऑक्टोबर २०१३ मध्यें त्यानें खेळाचा निरोप घेतला. जुलै २०२३ मध्यें भारताच्या निवड समितीच्या अध्यक्षपदीं त्याची नेमणूक झाली. कोणास कोणत्या मापानें मोजावयाचें, हा प्रश्न ज्याच्या स्वतःच्या बाबतींत वर्षानुवर्षें चुकीचा सुटला, त्याच्याच हातीं आतां इतरांना मोजण्याचा तराजू आला.

असो. भोर-वेल्ह्याच्या ज्या खाचरांपासून आम्हीं निघालों, तेथेंच परत येऊं. या डोंगरांत तीनशें-साडेतीनशें वर्षांपूर्वीं जें राज्य उभें राहिलें, त्याचा पाया मोकळ्या रणांतील मोठ्या लढायांवर घातला गेला नाहीं. लहान तुकड्या, थोडा वेळ आणि अचूक घाव यांवर घातला गेला. उपमा फार ताणूं नये हें खरें, तथापि या मुलखानें तरी आखूड कामास हलकें लेखूं नये. खाचरांत धांवत येणाऱ्या पोराच्या वाट्यास दोन षटकें आहेत, म्हणजे बारा चेंडू. तो आगरकर होईल कीं नाहीं, हा प्रश्न येथें नाहीं. बहुधा होणार नाहीं. पैं-पाहुण्यांनीं त्यास एवढें मात्र सांगावें कीं, बाबारे, तुझे बारा चेंडू हे कोणाच्या पांच दिवसांचे उष्टे तुकडे नव्हेत. तो पुरता एक खेळ आहे. ते बारा चेंडू तूं कसे टाकलेस, तेवढ्यावरूनच तुझी परीक्षा व्हावी, आणि ती व्हावयास त्या खाचराबाहेर जाण्याचें कारण नाहीं.